रविराजची फळी आणि अठरा ढापे

घाबरट माणसाचा मला राग येतो. गावातल्या सगळ्या घाबरट माणसांचा मिळून जेवढा येईल, तेवढा मला एकट्या रविराजचा येतो. मी गावची पोलीस पाटील. गावात काही खुट्ट झालं की ठाण्याला कळवायचं काम माझं. त्यामुळं भुरटे चोर, बांधावरून डोकी फोडणारे, दारू पिऊन विजेच्या खांबावर चढून बसणारे, असे सगळे नमुने मी हाताळलेत. पण जो माणूस काही करत नाही आणि काही बोलतही नाही, त्याचं काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

रविराजचं घाबरणं साधंसुधं नव्हतं. एकदा शिरूरला सलूनमध्ये दाढीला बसला. गप्पांच्या नादात कारागिरानं अर्धी मिशी उडवली. हा 'अहो, थांबा' म्हणाला नाही. 'आता उरलेली पण काढा' असंही म्हणाला नाही. अर्ध्या मिशीनं तसाच घरी आला आणि चार दिवस तोंडाला रुमाल बांधून फिरला. एसटीत आपला थांबा आला तरी कंडक्टरला हाक मारायची नाही. दुसरं कोणी उतरेल तिथं उतरायचं आणि चालत मागं यायचं, ही त्याची रीत. त्याच्या बायकोनं, पूनमनं, मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण तिचं हसू फार आनंदाचं नव्हतं.

अशा माणसानं समुद्राच्या लाटांवर फळी चालवायला शिकावं, याला काय म्हणायचं?

झालं असं की रांजणगावच्या एका कारखान्यात तो कंत्राटावर होता. कंत्राट संपलं. बरोबरचा एक तमिळ मित्र म्हणाला, आमच्याकडे चल, चेन्नईच्या खाली समुद्रकाठी सर्फिंगची शाळा आहे, तिथं स्वयंपाकघरात माणूस हवाय. 'नाही' म्हणायला जमलं नाही म्हणून हा गेला. दोन वर्षं तिथं भांडी घासली, लोकांच्या फळ्या धुतल्या. संध्याकाळी तिथले मास्तर त्याला पाण्यात उतरवायचे, तिथंही 'नको' म्हणता आलं नाही. लोक लाटेवर उभे राहतात, हा पोटावर पालथा पडून, डोळे गच्च मिटून काठाला येई. त्यानं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. पाठीमागं माणसं टाळ्या वाजवतायत आणि हा वाळूत तोंड खुपसून पडलाय. ती शाळा बंद पडली तेव्हा मास्तरांनी एक जुनी, टोकाला डिंक लावून जोडलेली फळी त्याला देऊन टाकली. नऊ फूट लांब. आमच्याकडे समुद्र नाही, हे त्यांना कोण सांगणार?

ती फळी गोधडीत गुंडाळून, दोरीनं बांधून त्यानं गाडीनं दौंडला आणली. फलाटावर ते लांबलचक गाठोडं उतरलं तसं दोघा-तिघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या आणि एका म्हातारीनं हात जोडले. रविराजनं काय करावं? त्यानंही मान खाली घातली. शेवटी पोलिसांनी गोधडी सोडायला लावली तेव्हा कुठं आत कोणी मेलेलं नाही हे सगळ्यांना कळलं. घरी आल्यावर त्याच्या आईनं, अनसाबाईनं, फळीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "इस्त्रीचा टेबल आणलास व्हय? आन् पाय कुठं हायती ह्याचं?"

आमचं गाव मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या काठाला. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. मध्ये बंधारा. नदीत दगडी खांबांची रांग आहे, खांबांच्या मधल्या मोकळ्या गाळ्यांत पावसाळा सरला की लोखंडी पत्र्याचे जड ढापे बसवायचे, मग पाणी अडतं. पावसाळ्याआधी तेच ढापे काढून काठावर रचून ठेवायचे, नाहीतर पूर बंधाराच घेऊन जाईल. ढापे नसले तर पाणी नाही आणि पाणी नसलं तर दोन्ही काठांवरच्या उसाचं सरपण.

हे ढापे राखायचं काम बावीस वर्षं रविराजच्या वडिलांकडं होतं. ज्ञानूमामा. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, मामांनी ती विकून थोडी शेती केली. ढाप्यांच्या कामाला पगार असा नव्हता. पाणी समितीनं दिलेली एक शिट्टी आणि वर्षाला एक धोतरजोडी. पण कुठल्या गाळ्यात कुठला ढापा घट्ट बसतो हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. बंधाऱ्यावर ते आले की आमच्यातले जमीनवाले, मिशीवाले लोकसुद्धा बाजूला सरकून "मामा, आता कसं करायचं?" असं विचारायचे. गावच्या बैठकीत त्यांना खुर्ची मिळायची ती या एका कामामुळं, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं.

रविराज मात्र त्याच बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला फळी घेऊन जायचा. गाळ्यांतून पाणी जोरात पडतं तिथं पाण्याला एक फुगवटा येतो. त्याला तो लाट म्हणायचा. तिथं पालथा पडून तासन् तास हात मारत राहायचा. मी एकदा चिडून विचारलं, "अरे, यातून मिळतं काय तुला?"

"काकी, तिथं मला कुणी काय इचारत न्हाई," तो म्हणाला. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

आता मागच्या वर्षीच्या पोळ्याचं सांगते. आमच्याकडं पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला. संध्याकाळी बैलांची मिरवणूक मारुतीच्या देवळापुढून निघते आणि मानाची जोडी जयसिंगआबांची. ती पुढं झाल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा बैल पाऊल टाकत नाही, आणि त्या जोडीचा कासरा घरच्या थोरल्या मुलानंच धरायचा. हे थोरले चिरंजीव म्हणजे विश्वजीत. कधी पोल्ट्री, कधी जेसीबी, कधी प्लॉटिंग. धंदा कुठलाच धड नाही, पण प्रत्येक धंद्याचा फ्लेक्स मात्र चौकात लागलेला.

चारला निघायची मिरवणूक साडेपाच झाले तरी जागेवर. विश्वजीतचा पत्ता नाही. देवळापासून नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर बैलच बैल. शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या, माश्या वारून वारून वैतागलेले. मी ओवाळणीचं ताट धरून दीड तास उभी. पाय मोडून आले, निरांजन दोनदा विझलं. जयसिंगआबा फोनवर फोन लावत होते. शेवटी विश्वजीत पळत आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हाताला गंज. गाडी बंद पडली म्हणाला. कासरा धरला, मिरवणूक निघाली आणि आम्ही सगळे ते विसरून पुरणपोळीच्या मागं लागलो.

ऑक्टोबरच्या मध्याला ढापे बसवायला माणसं जमली. ज्ञानूमामांनी ढिगावरची ताडपत्री ओढली आणि तिथंच खाली बसले. पुढची रांग जागेवर, मागचे अठरा ढापे गायब. अठरा म्हणजे तीन गाळे उघडे. तीन गाळे उघडे असले की बाकीचे सगळे बसवूनही उपयोग नाही, पाणी राहतच नाही.

"मी रोज येत व्हतो," मामा म्हणाले. "रोज शिट्टी मारत व्हतो. ताडपत्री दिसत व्हती बांधल्याली. उचलून न्हाई बघितली."

जयसिंगआबा पाणी समितीचे अध्यक्ष. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्ञानू, राखणदाराला ठावं असल्याबिगर अठरा ढापे जात न्हाईत. काय केलंस ते सांग आन् मोकळा हो."

मामांनी गळ्यातली शिट्टी काढून ढिगावर ठेवली आणि घरी गेले. त्या दिवसापासून ते वस्तीबाहेर पडले नाहीत. अनसाबाई दळणाला आली तर बायका बोलता बोलता गप्प व्हायला लागल्या. आबांनी मला घरी बोलावून सांगितलं, "अनिता, ठाण्याला रिपोर्ट दे. ज्ञानूचं नाव घाल. बुधवारी हवालदार पंचनाम्याला येत्याल."

"आबा, मामा असं करतील?"

"मग कुणी केलं? तू सांग."

मी रिपोर्ट दिला, त्यात 'राखणदार ज्ञानू यांच्यावर समितीचा संशय आहे' असं वाक्य घातलं आणि 'समितीचा' हा शब्द घातल्यानं आपण सुटलो असं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी रविराज माझ्या दारात उभा. मी म्हटलं, "बोल."

"काकी, इरजण हाय का?"

इरजण दिलं. तो घेऊन गेला. संध्याकाळी परत आला. या वेळी हातात वांगी. वांगी ठेवली, उंबऱ्याकडं बघत पाच मिनिटं उभा राहिला आणि "यंदा थंडी लवकर पडंल" असं म्हणून निघून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आला, पुन्हा वांगी. माझं डोकंच फिरलं. बाप तिकडं अन्नाला शिवत नाही आणि हा मला वांगी आणून देतोय. मी काही बोलणार तेवढ्यात मागून पूनम आली, पदर खोचलेला, चेहरा लाल.

"काकी, ह्यांना काय तरी ठावं हाय. पोळ्यापासनं झोपेत बडबडत्यात. 'ढकलू नका, ढकलू नका' म्हणत्यात. मी इचारलं तर म्हणत्यात, मला म्हैस ढकलत व्हती."

मी रविराजला ओसरीवर बसवलं आणि पोलीस पाटील झाल्यापासून कोणावर ओरडले नव्हते तेवढं त्याच्यावर ओरडले. अखेर तो बोलला. आधी चपलेकडं बघून, मग वांग्यांकडं बघून.

पोळ्याच्या दुपारी तो नेहमीसारखा बंधाऱ्याखाली फळीवर पालथा होता. घरी बैल नाहीत, मिरवणुकीत जायचं कारण नाही. काठावर टेम्पो आला. चार माणसं अनोळखी, पाचवा विश्वजीत. रविराजनं हात मारायचे थांबवले आणि फळी जलपर्णीत घातली, तोंडावरही जलपर्णी ओढून घेतली. त्या माणसांनी मागच्या रांगेतले अठरा ढापे टेम्पोत चढवले, ताडपत्री पुन्हा बांधली. लोखंडाला तेव्हा भंगारात भाव होता आणि सगळं गाव देवळापुढं होतं. विश्वजीतनं हिशोब बरोबर केला होता. टेम्पो चढ चढून गेला आणि थोड्या वेळानं परत आला. ड्रायव्हर म्हणाला, वर रस्ताभर बैल आहेत, एक इंच जागा नाही, मिरवणूक कुणासाठी तरी थांबलीय.

"कुणासाठी थांबली व्हती?" मी विचारलं.

"त्याच्यासाठीच की, काकी."

मला क्षणभर हसावं की ओरडावं कळेना. गाव गुंतलेलं असेल म्हणून पोळ्याचा दिवस निवडला, आणि आपण कासरा धरल्याशिवाय त्या गावातला एक बैलसुद्धा हलत नाही हे हा शहाणा विसरला! बंधाऱ्यावरून मोटारसायकल कशीबशी जाते, टेम्पो नाही. म्हणजे पलीकडच्या काठाची वाट बंद, अलीकडची बैलांनी बंद, आणि बापाचे फोनवर फोन. भरलेल्या टेम्पोपाशी ती माणसं थांबायला तयार होईनात. मग विश्वजीतनं टेम्पो बंधाऱ्याखालच्या डोहाच्या काठाला लावला आणि सगळ्यांनी मिळून ढापे डोहात ढकलले. उन्हाळ्यात डोह आटला की काढू, असं तो म्हणाला. स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून शेवटचे दोन त्यानंच ढकलले.

"म्हणजे ढापे अजून तिथंच आहेत?"

"हायती. मी बुडी मारून चाचपून बघितलंय."

"आणि तू इतके दिवस गप्प?"

तो अगदी हळू म्हणाला, "काकी, तुम्हीच सांगा ना. म्हणा, मला समजलं."

"कुणाकडून समजलं?"

"असंच."

"असंच कुणाला काही समजतं का रे?" मी वांगी उचलून त्याच्या हातात दिली. "उद्या हवालदार येणार आहेत. सगळ्यांसमोर सांग. नाहीतर तुझ्या बापाच्या नावावर गुन्हा दाखल होईल आणि तो मी होऊ दिला असं मी जन्मभर सांगत फिरेन."

त्याला घालवून दिलं आणि ओसरीवर बसून राहिले. खरं सांगायचं तर मलाही घाम फुटला होता. जयसिंगआबा माझे चुलत सासरे. मी पोलीस पाटलाच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा माझ्यामागं तेच होते. त्यांच्या मुलाचं नाव मी घेतलं असतं का? इतके दिवस रविराजवर काढलेल्या रागातला बराचसा माझा मलाच यायला हवा होता. पण स्वतःवर ओरडता येत नाही, रविराजवर येतं.

बुधवारी सकाळी दहाला हवालदार आले. आल्या आल्या त्यांनी नदीच्या मध्याकडं बोट करून विचारलं, "आमची हद्द नक्की कुठपर्यंत?" ढिगारा अलीकडच्या काठाला आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. हवालदारांना आणि आबांना खुर्च्या टाकल्या, शेजारी एक रिकामीच राहिली. हवालदारांनी कागद काढले. सगळं गाव जमलं होतं. जयसिंगआबा छत्रीखाली, शेजारी विश्वजीत, डोळ्यांवर काळा गॉगल. ज्ञानूमामांना अनसाबाई हाताला धरून घेऊन आली. चार दिवसांत माणूस दहा वर्षांनी थकला होता. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही.

"नाव? वय?"

"ज्ञानू. बासष्ट."

"ढापे शेवटचे कधी मोजले?"

"पोळ्याच्या सकाळी."

"नंतर का नाही मोजले?"

मामांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडं गेला, शिट्टी तिथं नव्हती. मी रविराजकडं बघितलं. तो पूनमच्या मागं उभा होता, आणि पूनम त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी, तरी तो तिच्यामागं मावला होता. मी डोळे वटारले. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, आणि वळून चक्क चालू लागला. वस्तीकडं! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. पूनमनं तर कपाळावर हात मारून घेतला.

हवालदार लिहीत होते. 'राखणदारास समाधानकारक उत्तर देता आले नाही' इथपर्यंत ते आले असतील, तेवढ्यात मागची पोरंटोरं ओरडायला लागली. रविराज परत येत होता. डोक्यावर नऊ फुटांची फळी, खांद्यावर दोरखंड. कोणाकडंही न बघता तो गर्दीतून गेला. जाताना फळीचं टोक लागून आबांची छत्री मिटली आणि 'माफ करा आबा' असं तो सवयीनं म्हणाला. डोहाच्या काठाला फळी पाण्यात टाकली आणि पालथा पडून हात मारत निघाला.

"आंघोळीला चालला का काय हा?" हवालदारांनी विचारलं.

"त्याला थांबवा," विश्वजीत म्हणाला. जरा जोरातच म्हणाला. "डोह खोल आहे. बुडेल तो."

बुडण्यासारखाच डोह. तिथं आमच्याकडं कोणी म्हैससुद्धा घालत नाही. काठ जिथं एकदम खोल उतरतो तिथं रविराज थांबला, फळीवरून घसरला आणि दिसेनासा झाला. फळी एकटीच गोल फिरत राहिली. अनसाबाईनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर आठवडाभर काळानिळा होता. तो वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा दोरखंडाचं टोक त्याच्या हातात नव्हतं, खाली कुठं तरी बांधलेलं होतं. दुसरं टोक घेऊन तो काठाला आला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दत्ताकाका, ट्रॅक्टरला लावा. हळू वढा."

दत्तानं ट्रॅक्टर सुरू केला. दोर ताणला, पाण्यात बुडबुडे आले, गाळ वर आला आणि त्यातून ढापा बाहेर सरकत आला. कडीला दोर बांधलेला. सगळे एकदम बोलायला लागले. रविराज पुन्हा डोहात गेला होता. दुसरा ढापा निघाला, तिसरा निघाला.

जयसिंगआबा खुर्चीवरून उठले. त्यांनी आधी ढाप्याकडं बघितलं, मग मुलाकडं. विश्वजीतनं गॉगल काढला नव्हता, पण त्याची मान खाली गेली होती. आबांना सगळं समजलं ते तेव्हाच समजलं, असं माझं मत आहे. पण राजकारणात चाळीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी घसा साफ केला.

"मिळालं! लई झॅक झालं. हवालदारसायेब, मिटलं की. पुरानं नेलं आसणार. सप्टेंबरात पाणी चढलं व्हतं, ढीग काठाला, घसरलं डोहात. ज्ञानूनं जरा वर रचायला पायजे व्हतं, येवढीच चूक. वय झालं आता त्याचं. लिहा, पुरामुळं." मग पाण्याकडं बघून मायेनं म्हणाले, "रविराज, शाब्बास लेका. ये आता भाईर."

हवालदारांनी पेन उचललं. त्यांना तर हवंच होतं. गुन्हा नाही, हद्द नाही, जेवायला घरी. माणसंही हो हो म्हणायला लागली. मामा चोर ठरले नाहीत, नुसते म्हातारे आणि निष्काळजी ठरले. तेवढ्यावर गाव खूश होतं. मी आजूबाजूला बघितलं आणि सांगायला लाज वाटते, मीही क्षणभर सुटल्यासारखा श्वास सोडला.

"पुरानं न्हाई," पाण्यातून आवाज आला.

बंधाऱ्याच्या पाण्याच्या आवाजात तो नीट ऐकू गेला नाही. "काय म्हणतोय?" हवालदारांनी विचारलं.

रविराज फळीवर चढला. गुडघ्यावर आला. मग दोन्ही हात पसरून उभा राहायला लागला. समुद्रात दोन वर्षांत जे केलं नाही ते इथं, गावासमोर करायला निघाला. पाय लटपटत होते. सरळ झाला, तोंड उघडलं आणि धपकन पाण्यात पडला. गाव खो खो हसलं. मला वाटलं, संपलं. आता हा जातोय तो थेट चेन्नईला.

तो वर आला. फक्त डोकं पाण्याबाहेर, डोक्यावर जलपर्णी, नाकातून पाणी. फळी धरून ओरडला, "पुरानं न्हाई! विश्वजीतनं ढकलल्यात! टेम्पो घिऊन आला व्हता, चार माणसं व्हती. मिरवणुकीनं रस्ता अडला म्हणून हितं ढकललं. मी बघितलं!"

हसू जागच्या जागी थांबलं. सगळ्या गावाला त्या दिवशीचा दीड तास एकदम आठवला असावा, कारण सगळी डोकी विश्वजीतच्या पँटकडं वळली, जणू ती अजून ओली होती. विश्वजीत म्हणाला, "खोटं आहे. येडं आहे ते." पण त्याचा आवाज चिरकला. आबा खुर्चीत बसले. छत्री उघडायचा प्रयत्न करत राहिले, ती उघडेना.

"कधी बघितलं तुम्ही?" हवालदारांनी विचारलं. हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात.

रविराज काठाकडं आला. कंबरभर पाण्यात उभा राहिला. या वेळी त्याला जोरात बोलायची गरज नव्हती, तरी त्याला बोलायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो हवालदारांकडं बघत नव्हता. बापाकडं बघत होता.

"पोळ्याच्या दिवशी."

ज्ञानूमामांनी बोटांवर मोजलं. मी बघत होते. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं.

"म्हंजी ताडपत्री वढली तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय आप्पा."

"जयसिंगआबा मला चोर म्हणाला तवा तू तितंच हुबा व्हतास."

"व्हय."

"घरात मी जेवत न्हवतो. तू म्होरं बसून जेवत व्हतास."

रविराजची मान हलली. मला वाटलं, आता पळेल. पाणी मागं होतं, फळी हाताशी होती. सगळ्या जन्मात तो याहून कमी कारणासाठी पळाला होता. तो तिथंच उभा राहिला, थंडीनं कुडकुडत, बापाच्या नजरेसमोर. आणि खरं सांगते, डोहात बुडी मारताना तो मला एवढा धीट वाटला नव्हता.

हवालदारांनी मामांकडं बघितलं. "मामा, मुलाचा जबाब घ्यावा लागेल. उशिरा का सांगितलं, हे पण लिहावं लागतं. नको असेल तर तेवढं गाळतो. उगाच कोर्टात त्यालाच उलटं विचारतील."

मामा पुढं आले, हवालदारांच्या शेजारची रिकामी राहिलेली खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले.

"काय गाळू नका. लिहा, बाप घरात उपाशी आसताना ह्यानं तोंड मिटून ठेवलं." मामांनी पाण्यात उभ्या पोराकडं बघितलं. "आन् गावम्होरं उघडलं, त्येबी लिहा."

हवालदारांचा हात थांबला होता. मी त्यांच्या पुढ्यातला कागद माझ्याकडं ओढला आणि दोन्ही वाक्यं माझ्या हातानं लिहिली. खाली पोलीस पाटील म्हणून सही केली. या वेळी 'समितीचा' वगैरे शब्द कुठं घातला नाही.